सोलापुरास विमान आले त्याची कैफियत

सोलापुरात कोणी गृहस्थ इस्त्रीचे कपडे घालून, हाती चाकांची पेटी धरून, होटगी रस्त्याकडे जाण्यासाठी रिक्षा ठरवू लागला, तर रिक्षावाला भाडे सांगण्यापूर्वी त्यास एक प्रश्न विचारतो : "सोडायला चाललाव की जायला चाललाव ओ?" या प्रश्नात उपहास नाही, निव्वळ अनुभव आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या मंडळींत विमानात बसणारे थोडे आणि बसवून देणारे फार असतात, व त्या बसवून देणाऱ्यांतही आपण नेमके कोणास बसवून देण्यास आलो हे ठाऊक नसलेल्यांची एक स्वतंत्र तुकडी असते, हे त्या बिचाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. मी "जायला" असे उत्तर दिले तेव्हा त्याने आरशातून मला एकवार नखशिखांत न्याहाळले आणि दहा रुपये वाढवून सांगितले.

विमानविद्येशी सोलापूरचा काडीचा संबंध नाही, असे मात्र परगावच्या कोणी म्हणू नये. या देशात विमाने बांधण्याचा पहिला कारखाना १९४० साली बंगळुरास म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने ज्यांनी उभा केला, ते शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचेच. १८८२ साली याच गावी त्यांचा जन्म झाला. शेठजींनी जहाजांचा उद्योग केला, मोटारींचा केला आणि विमानांचाही केला. पैकी सोलापुरास समुद्र नसल्यामुळे जहाजाविषयी गावाची काही तक्रार नव्हती. मोटारी यथाकाल आल्या, आणि त्यांच्यामुळे आता नवी पेठेत पायी चालणे दुरापास्त झाले आहे. राहता राहिले ते विमान. ज्या गावच्या सुपुत्राने देशास विमानांचा कारखाना दिला, त्या गावास त्याची पोच म्हणून देशाने अनेक दशके जे दिले त्यास शासकीय परिभाषेत 'सकारात्मक विचार' असे म्हणतात.

या सकारात्मक विचारांचा समग्र इतिहास आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिरस्तेदारांच्या दप्तरी आहे. जन्मभर कचेरीत कागद लावण्यात हयात गेल्यामुळे वर्तमानपत्रातील कोणतीही बातमी नुसती वाचून टाकून देणे त्यांस महसुलाची अफरातफर केल्यासारखे वाटते. त्यांच्या कपाटात 'विमानतळ, सोलापूर, तातडीचे' असे तांबड्या शाईने लिहिलेली एक जाडजूड फाईल असून तिचे त्यांनी चार पोटभाग केलेले आहेत : 'होणार', 'लवकरच होणार', 'तहकूब' आणि 'झाले'. पहिला भाग बेताचा आहे. दुसरा इतका फुगला आहे की त्याच्या दोऱ्या दोनदा बदलाव्या लागल्या. तिसराही तब्येतीने बरा आहे. चौथा भाग मात्र वर्षानुवर्षे रिकामाच राहिल्यामुळे वहिनींनी त्यात विजेची बिले ठेवण्यास आरंभ केला होता.

तसे पाहता होटगी रस्त्यावरच्या त्या धावपट्टीस प्रवासी विमानाचे दर्शन पूर्वी घडलेच नव्हते असे नाही. मध्यंतरी किंगफिशर कंपनीची मुंबईची सेवा काही काळ चालली. त्या काळात ज्यांनी एकदा प्रवास केला ते गृहस्थ अद्यापि बोलण्यात "मी विमानाने जायचो तेव्हा" असा रीतिवाचक भूतकाळ वापरतात. पुढे ती सेवा थांबली, आणि २०१२ साली तर ती कंपनीच कायमची जमिनीवर आली. धावपट्टी पुन्हा गवताच्या ताब्यात गेली. मंत्री येत तेवढ्यापुरते गवत कापले जाई, व मंत्री गेले की ते आपल्या पूर्वपदावर रुजू होई.

आणि मग धुराड्याचे प्रकरण उद्भवले. परगावच्या वाचकांस या प्रकरणाचे गांभीर्य कळावयाचे नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. विमानतळापासून जवळच श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाचे सुमारे ९० मीटर उंचीचे धुराडे विमान उतरण्याच्या वाटेत येते, असा विमानखात्याचा आक्षेप होता. धुराडे म्हणे मी हलणार नाही, आणि विमान म्हणे मी येणार नाही. आणि जे हलत नाही व जे येत नाही, या दोहोंवरून गावात वर्षानुवर्षे असे दोन तट पडले की, लग्नाच्या पंगतीतसुद्धा यजमानास पाने मांडताना धुराडेवाल्यांची रांग निराळी व विमानवाल्यांची निराळी ठेवावी लागे. विमानवाले म्हणत, एका धुराड्यापायी अवघ्या शहराचा उत्कर्ष अडला. धुराडेवाले म्हणत, हजारो शेतकऱ्यांचा ऊस गाळणारा कारखाना डोळ्यांसमोर उभा आहे आणि तुमचे विमान अद्याप कागदावर. कागदासाठी कारखान्यास हात का लावावा? मला विचाराल तर दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोघांचेही म्हणणे खरे असले म्हणजे मामला न्यायालयात जातो, तसा तो गेला.

अखेर १५ जून २०२३ रोजी, मोठ्या पोलीस बंदोबस्तात, ते धुराडे पाडण्यात आले. त्या दिवशी आमच्या आळीतील यच्चयावत माणसे गच्चीवर होती. शिरस्तेदार हातात घड्याळ घेऊन उभे होते. वहिनी त्यांच्यामागे उभ्या राहून, इथवर धूळ आली तर वाळत घातलेल्या सांडग्यांचे काय, असा एक व्यवहारी प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होत्या. धुराडे प्रथम किंचित कलले, क्षणभर विचार केल्यासारखे थबकले, आणि मग धुळीत बसले. कोणी टाळ्या वाजविल्या. खालच्या मजल्यावर राहणारा, ज्याच्या वडिलांचा ऊस त्या कारखान्यास जातो, तो तरुण काही न बोलता जिना उतरून गेला. शिरस्तेदारांनी घड्याळ खिशात टाकले व दक्षिणेकडच्या मोकळ्या आकाशाकडे पाहत म्हणाले, "आता यायला हरकत नाही." जणू विमान इतका वेळ पलीकडच्या गल्लीत वाट पाहत उभे होते.

विमान आले नाही. धुराड्याचा अडसर निघाला तरी परवान्यांचे, कुंपणाचे, इमारतीचे आणि धावपट्टीच्या दुरुस्तीचे सोपस्कार उरले होतेच. शिवाय बोरामणीस नवा विस्तीर्ण विमानतळ बांधावा अशीही एक तजवीज फार दिवसांपासून चालू असून तिच्या आड माळढोक पक्षी आलेला आहे. नान्नजच्या अभयारण्यामुळे या पक्ष्याचा आमच्या जिल्ह्याशी ऋणानुबंध. उडणाऱ्या पक्ष्यांत अत्यंत वजनदार अशांपैकी तो एक, आणि आता इतका दुर्मीळ की तो दिसल्याची बातमी होते. विमानाच्या मार्गात एका बाजूस मुळीच न उडणारे धुराडे आणि दुसऱ्या बाजूस क्वचित उडणारा पक्षी अशी कोंडी होण्याचे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्यास आले असेल. माळढोकाविरुद्ध बोलण्यास मात्र आमच्या गावात कोणी धजावत नाही. तो येथला जुना रहिवासी आहे, आणि उड्डाणाचा परवाना त्यास कोणाकडे मागावा लागलेला नाही.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. पंतप्रधानांनी ते दूरस्थ पद्धतीने केले, म्हणजे उद्घाटकही विमानाने आले नाहीत. त्यानंतर आज येते, उद्या येते, असे म्हणता म्हणता उद्घाटनास नववा महिना लागला, तेव्हा कुठे ९ जून २०२५ रोजी पहिले नियमित विमान सुटले. आणि ते गोव्यास गेले!

या घटनेने गावाची जी मनःस्थिती झाली तिचे वर्णन करणे कठीण आहे. आम्ही मागितली होती मुंबई. मुंबईस मंत्रालय आहे, उच्च न्यायालय आहे, घाऊक बाजार आहे, निम्म्या गावाची मुले आहेत. गोव्यास काय आहे? मुंबईस मनुष्य कामासाठी जातो आणि गोव्यास काम सोडून जातो, हा भेद लक्षात न घेता विमानाने आपली दिशा ठरविली, असा पुष्कळांचा आक्षेप होता. चाटी गल्लीतील एका व्यापाऱ्याने तर, "आम्हाला काय रिकामटेकडे समजले काय?" असा संतप्त सवाल केला. हे गृहस्थ पुढच्याच शुक्रवारी सहकुटुंब गोव्यास जाऊन आले व आक्षेपाची धार कायम ठेवून काजूचे पुडे वाटून गेले. जो पल्ला मोटारीने गाठण्यास रात्र खर्ची पडते तो एका तासाच्या आसपास संपतो म्हटल्यावर तत्त्वनिष्ठा फार काळ टिकत नाही.

शिवाय एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. जे विमान जाते ते येतेही. येताना त्यातून गोव्याचे भाविक उतरू लागले : कोणी अक्कलकोटास स्वामींच्या दर्शनास, कोणी तुळजापुरास, कोणी पंढरपुरास, कोणी गाणगापुरास. त्यामुळे या मार्गाची अशी काही विलक्षण घडी बसली आहे की येणारे विमान सत्त्वगुणी असते आणि जाणारे रजोगुणी. परतीच्या प्रवासात मात्र दोन्ही पक्षांचे चेहरे सारखेच थकलेले आणि पिशव्या सारख्याच फुगलेल्या दिसतात.

विमानाचे मार्ग कोण ठरवितो, याचा शोध घेण्याचा मी थोडा प्रयत्न केला आहे. केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' नावाची योजना जाहीर केली. लहान गावांस विमान जावे, सुमारे तासाभराच्या उड्डाणास निम्म्या जागांचे भाडे २,५०० रुपयांच्या आत असावे, आणि अशा दराने कंपनीस जी तूट येईल ती सरकारने तीन वर्षे भरून द्यावी. शिवाय या मुदतीत त्या मार्गावर दुसऱ्या कोणी येऊ नये, असा तिचा मथितार्थ. या पैशाचा काही भाग मोठ्या शहरांच्या विमानांवर आकार बसवून उभा केला जातो; म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाणारा मनुष्य नकळत आमच्यासारख्यांच्या प्रवासास हातभार लावीत असतो, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानण्याची ही संधी मी घेतो. शिरस्तेदारांनी या योजनेचे जे भाष्य केले ते मला अधिक पटते. ते म्हणाले, "अहो, जावयाला तीन वर्षांतून एकदा अधिक महिन्यात वाण द्यावे लागते. या जावयाला तीन वर्षे अखंड अधिक महिनाच! मग अधिक सरला की जावई दिसेनासा झाला, यात नवल ते काय?"

या सिद्धांतास आजूबाजूस दाखले मिळतात. सिंधुदुर्गातील चिपीस २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईहून विमान आले, आणि तीन वर्षे भरताच ती मुंबईची सेवा थांबली. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते झाले, पण नियमित विमान पाहण्यास जळगावकरांस २०१७ चे वर्ष सरत यावे लागले. तोवर तेथील केळी रेल्वेनेच जात राहिली. नांदेडचे नशीब आणखी निराळे. उडान योजनेची पहिली विमाने ज्या दिवशी निघाली त्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेडासही विमान मिळाले, आणि ते गेले हैदराबादेस. १९४८ साली ज्या राजधानीच्या अमलातून मोठ्या यातायातीने सुटका झाली, तेथेच विमानाने पुन्हा नेऊन सोडावे, हा योग पाहून एखाद्या वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाच्या मनात काय आले असेल कोण जाणे. पुढे नांदेडास अमृतसरचेही विमान मिळाले, कारण गुरुद्वारा तेथेही आहे आणि येथेही. देवस्थान असलेल्या गावास विमान लवकर सापडते. शिर्डीचा विमानतळ हा त्याचा ठळक पुरावा. आमच्या सिद्धरामेश्वरांची कीर्ती काही कमी नाही, पण ते तळ्यात शांतपणे बसलेले आहेत आणि त्यांनी विमानासाठी कोणाकडे शब्द टाकल्याचे ऐकिवात नाही.

मुंबईचे विमानही अखेर आले, २०२५ च्या ऑक्टोबरात; त्याची तूट भरून देण्याचे राज्य सरकारने मान्य केले तेव्हा. मुंबईस जाण्यात खरी अडचण आकाशात नसून मुंबईत आहे. तेथील विमानतळास धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच उपयोगी पडते. आणि उतरू पाहणारी विमाने तर दादरच्या गर्दीसारखी. साहजिकच सकाळची व संध्याकाळची सोन्यासारखी वेळ दिल्ली-बंगळुराच्या धनवंत विमानांनी अगोदरच अडवून ठेवलेली असते, आणि लहान गावच्या विमानाच्या वाट्यास ती वेळ येते जेव्हा मुंबईतले साहेब जेवून नुकतेच खुर्चीवर टेकलेले असतात. मंत्रालयात काम असलेल्या सोलापूरकराने अशा विमानाने जावे म्हणजे काम दुसऱ्या दिवशी व्हावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी व्हावयाचे तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने काय पाप केले होते?

तशात ही वेळही स्थावर नव्हे. विमानांच्या जगात वर्षाची दोन वेळापत्रके असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होते व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. हे दोन रविवार जवळ आले की आमच्या गावी संक्रांतीच्या फळासारखी चर्चा चालते : यंदा विमान कशावर बसून येते, कोणत्या दिशेस पाहते, कोणता वार त्यास वर्ज्य आहे. शुक्रवारचे विमान शनिवारी जाते, सोमवारचे नाहीसे होते. त्यात पावसाळी असे वेळापत्रकच नाही. आकाश भरून आले, धावपट्टी वैमानिकाच्या नजरेस पडेनाशी झाली, तर विमान वरच्या वर घिरट्या घालून अन्यत्र जाते. त्या चार महिन्यांचे नियोजन आभाळाने स्वतःच्या अखत्यारीत ठेवले आहे.

आता माझ्या प्रवासाविषयी. म्हापशास शिरस्तेदारांची कन्या असते. तिच्याकडे आम्ही उभयतां निघालो होतो. पोहोचविण्यास अकरा माणसे आली होती. आत जाताना सुरक्षातपासणीच्या पट्ट्यावर शिरस्तेदारांची पिशवी अडकली. एका तरुण जवानाने अत्यंत अदबीने ती उघडली व तीतून प्रथम कडक भाकऱ्यांची चळत काढली. एक भाकरी त्याने उभी धरून पाहिली, बोटाने वाजवून पाहिली, आणि तिच्या आवाजाने तो किंचित सावध झालेला दिसला. त्यामागून शेंगाचटणीचा अर्ध्या किलोचा पुडा निघाला.

"बाबा, यह क्या है?"

"चटणी आहे. शेंगाची."

"मिरची पावडर हाथ में अलाउड नहीं है."

"मिरची पावडर नव्हे हो," शिरस्तेदार कळवळून म्हणाले, "मिरची आहे, पण ती शेंगदाण्यात कुटलेली आहे. तेल सुटलेले दिसत नाही का?"

नियमाच्या पुस्तकात तिखट वर्ज्य होते, हे खरे. पण जे तिखट उखळात शेंगदाण्याबरोबर कुटले जाऊन आपले पूर्वीचे व्यक्तित्व गमावून बसले आहे ते तिखट गणावे की खाद्य, या सूक्ष्म प्रश्नावर ते पुस्तक मौन बाळगून होते. वरिष्ठांस बोलाविण्यात आले. वरिष्ठांनी पुडा नाकाशी नेला, आणि ते शिंकले. त्या शिंकेने निकाल लागला. त्यांनीच मग सौजन्याने सुचविल्यावरून पुडा मागे परतवून मोठ्या पेटीतून रवाना करण्यात आला, आणि चूक सर्वस्वी आमची असूनही त्या मंडळींनी आम्हांस एका शब्दाने दुखविले नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

विमान दोन पंख्यांचे होते. त्यांकडे पाहून शिरस्तेदारांचा चेहरा जरा उतरला. पंखे आत असावेत अशी त्यांची समजूत होती. या जातीच्या विमानाचे पंख माथ्यावर असतात, त्यामुळे खिडकीतून खालची जमीन विनाअडथळा दिसते. धावपट्टी सुटली, आणि एकाएकी आमचे ते पसरट, धुळकट, उन्हाने करपलेले गाव एखाद्या सतरंजीसारखे खाली उलगडले. तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ दिसले, त्याच्या काठचा भुईकोट किल्ला दिसला. इतकी वर्षे मी त्या किल्ल्याच्या बाजूने चालत गेलो आहे, पण तो इतका आटोपशीर असेल असे मला कधी वाटले नव्हते. शिरस्तेदार मात्र काचेस नाक लावून दुसरेच काही धुंडीत होते. "ते तिथे होते," असे म्हणून त्यांनी एका रिकाम्या जागेकडे बोट दाखविले. मग काही वेळाने, "नाही, तिथे असावे," असे म्हणून दुसऱ्या जागेकडे. तेवढ्यात ढग आला.

हल्ली शिरस्तेदार नातवास भेटण्यासाठी मुंबईस जातात तेव्हा विमानाचे तिकीट काढतातच, परंतु त्याच रात्रीचे सिद्धेश्वर एक्सप्रेसचेही आरक्षण करून ठेवतात. विमान वेळेवर सुटले तर गाडीचे रद्द करावयाचे, आणि रद्द करण्यापायी जे पैसे कापले जातील त्यास त्यांनी 'विमानाचा विमा' असे नाव दिले आहे. त्यांच्या फाईलचा चौथा भाग आता रिकामा नाही. विजेची बिले वहिनींनी स्वयंपाकघरात हलविली आहेत, आणि त्या जागी विमानाच्या तिकिटांच्या तीन छापील प्रती व सिद्धेश्वरच्या रद्द तिकिटांच्या दोन प्रती लावलेल्या आहेत. तीन आणि दोन यांचा मेळ बसत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले असता त्यांनी चष्मा वर करून सांगितले की तिसऱ्या वेळी ते गाडीनेच गेले. त्या दिवशी आभाळ फार होते.

सोलापुरास यावयाचे योजिले असेल तर वाचकांनी अवश्य विमानाने यावे. गाव वरून खरोखरच पाहण्यासारखे आहे. मात्र कोणत्या वारी विमान आहे याची चौकशी मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारानंतर पुन्हा एकदा करावी, चटणी मोठ्या पेटीत ठेवावी, आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईहून रोज रात्री सुटते व सकाळी सोलापुरास पोहोचते, एवढे ध्यानात असू द्यावे.